घराबाहेरचा ओटा: झाकल्या जाणाऱ्या कामात पक्का, दिसणाऱ्या कामात ढिला कंत्राटदार

घराच्या मागच्या अंगणात बाहेरचे स्वयंपाकघर बांधून घेण्यासाठी आम्ही ज्या कंत्राटदारांना काम दिले, त्यांच्या कामाचे हे परीक्षण आहे. बांधकाम संपल्यानंतर ओट्याने ऊन, पाऊस आणि थंडी असे सगळे ऋतू पाहिले आहेत, त्यामुळे नव्या वस्तूचा उत्साह ओसरल्यावर जे मत उरते ते आता लिहिता येईल. मातीखाली, भिंतीच्या पोटात आणि ओट्याच्या आत जे काम गेले, ते या मंडळींनी अतिशय विचारपूर्वक केले. जे रोज डोळ्यांसमोर असते, म्हणजे दगडाचे सांधे, दारांच्या कडा, कामाचे वेळापत्रक आणि वाढीव कामाचा हिशेब, त्यात ते कमी पडले. कंत्राटदारांविषयीची तक्रार एरवी नेमकी उलटी ऐकू येते, म्हणून या अनुभवाची नोंद सविस्तर करावीशी वाटली.

कामाचे स्वरूप असे होते: एल आकाराचा ओटा, त्यात बसवलेली गॅसची ग्रिल, शेजारी दोन बर्नरची शेगडी, एक सिंक, बाहेर ठेवण्यासाठीच बनवलेला छोटा फ्रिज, खाली स्टीलच्या दारांची कपाटे आणि बसण्याच्या बाजूला छप्पर. ऐकायला हे काम लहान वाटते. प्रत्यक्षात त्यात गवंडी, प्लंबर, वायरमन, गॅस फिटर, फॅब्रिकेटर आणि दगड बसवणारे कारागीर असे सगळेच हात लागतात, आणि कोणी कोणाच्या आधी यायचे हे ठरवणारा माणूस नीट नसेल तर एकाचे काम दुसरा फोडत बसतो.

अंदाजपत्रके मागवली तेव्हा बहुतेकांनी ओट्याची लांबी विचारली, फुटामागे एक दर सांगितला आणि त्यात सगळे आले असे आश्वासन दिले. घरातल्या ओट्याला हा हिशेब चालून जातो, कारण पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी तेथे भिंतीपर्यंत पोहोचलेलीच असते. बाहेर यांपैकी काहीच जागेवर नसते. दहा फुटांचा ओटा घराच्या भिंतीला लागून असेल तर एक खर्च, आणि तोच ओटा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर चर खणणे, नळ्या टाकणे, केबल ओढणे आणि फरशी पूर्ववत करणे यांचा खर्च ओट्याच्या खर्चाच्या बरोबरीला येऊ शकतो. फुटाचा दर सांगणाऱ्याने एक तर हे धरलेले नसते, किंवा पुढे वाढीव काम म्हणून लावायचे मनाशी ठरवलेले असते. आम्ही निवडलेल्या कंत्राटदारांनी टेप काढण्याआधी वेगळेच प्रश्न विचारले: गॅस सिलिंडरचा की नळाचा, ग्रिल कोणत्या मॉडेलची घेणार, वारा बहुतेक वेळा कोणत्या दिशेने येतो, पावसाचे पाणी सध्या कोठून वाहते, घराच्या विद्युत पॅनेलमध्ये जागा शिल्लक आहे का. त्यांचा आकडा सर्वांत कमी नव्हता. काम मात्र या प्रश्नांमुळेच त्यांच्याकडे गेले आणि त्या निर्णयाचा पश्चात्ताप झालेला नाही.

करारनामा त्यांनी स्वतःच्या छापील कागदावर आणला होता. त्यात बऱ्याच गोष्टी ढोबळ होत्या, पण दुरुस्त्या सुचवल्यावर त्यांनी खळखळ केली नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि प्रत्येक टप्पा पूर्ण झालेल्या कामाशी जोडलेला असावा, अंतिम रकमेचे दहा टक्के एक वर्ष राखून ठेवावेत, आणि त्या वर्षात निघालेले दोष त्यांनी विनामूल्य दुरुस्त करावेत, ही कलमे त्यांनी मान्य केली. सर्वाधिक चर्चा झाली ती साहित्याच्या वर्णनावर. 'स्टेनलेस स्टीलची दारे' एवढे लिहिणे निरर्थक असते, कारण त्या नावाखाली फार वेगवेगळ्या प्रतीचे पत्रे विकले जातात. ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते व सर्वसाधारण हवामानात ती बाहेर टिकते. ३१६ प्रतीत यांखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खारट वाऱ्यात तीच योग्य ठरते. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसतेच, आणि २०० मालिकेतल्या पत्र्यांत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. या दोन्हींवर उघड्यावर डाग लवकर पडतात. लोहचुंबक लावून प्रत ओळखता येते असे अनेकजण सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. ४३० ला चुंबक चिकटतो, हे ठीक. मात्र २०० मालिकेतला पत्राही ३०४ सारखाच चुंबकाला दाद देत नाही, आणि वाकवलेल्या ३०४ च्या कडेला चुंबक किंचित ओढला जाऊ शकतो. म्हणून प्रत करारात लिहून घ्यावी आणि खरेदीच्या बिलावरही ती नोंदलेली असावी. या कंत्राटदारांनी बिलाची प्रत न मागता दिली.

ओटा बांधायला घेण्याआधी ग्रिल, शेगडी, सिंक आणि फ्रिज प्रत्यक्ष जागेवर आणून ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. आम्हाला सुरुवातीला हा आग्रह अनाठायी वाटला, कारण या वस्तू बांधकामाच्या धुळीत पडून राहणार होत्या. त्यांचे कारण मात्र बिनतोड होते. प्रत्येक ग्रिलच्या माहितीपुस्तिकेत कापायच्या जागेचे माप, मागे व बाजूला सोडायचे अंतर आणि वायुवीजनाची छिद्रे यांचे आकडे वेगळे असतात. आणि एकदा दगड कापला गेला की सेंटिमीटरभराची चूकही भरून निघत नाही. त्यांच्या पर्यवेक्षकांनी ती पुस्तिका खरोखर वाचली. ग्रिलची पाठ वाऱ्याकडे येणार नाही अशा रीतीने त्यांनी मूळ आराखड्यातली तिची जागा बदलून घेतली. बहुतेक ग्रिलमधून गरम वायू मागच्या बाजूने बाहेर पडतो. वारा पाठीमागून आला तर तो वायू आत ढकलला जातो आणि पुढच्या नॉबपर्यंत उष्णता येते. ग्रिलच्या वर छप्पर घ्यावे, ही आमची इच्छाही त्यांनी नाकारली. छप्पर हवे असेल तर ग्रिलपेक्षा रुंद आणि बाहेरच्या वापरासाठीची धूर ओढणारी चिमणी हवी, अन्यथा धूर छताखाली कोंडेल आणि तेलकट काजळी छताला बसेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पैसे मिळणारे काम स्वतःहून कमी करणारा कंत्राटदार क्वचितच भेटतो.

पायाचे काम सुरू झाले तेव्हा अंगणात आधीपासून असलेल्या फरशीवरच ओटा चढवता येईल, अशी आमची समजूत होती. त्यांनी फरशीचा तेवढा भाग उचलला, खालची सैल माती काढली, मुरूम भरून धुम्मस केली आणि सळ्या टाकून स्वतंत्र काँक्रीटचा थर घातला. माणसांच्या पायांचे वजन पेलणारी फरशी दगडी ओट्याचे सलग वजन पेलेलच असे नाही; ती एका बाजूने जराशी खचली तरी तडा वरच्या दगडात उमटतो. घराची भिंत आणि हा नवा पाया यांच्यामध्ये त्यांनी लवचीक पदार्थाने भरलेला सांधा ठेवला, जेणेकरून दोन्ही बांधकामे आपापल्या परीने बसतील आणि एकमेकांना ओढणार नाहीत. जमिनीला घरापासून दूर, मीटरला साधारण दीड सेंटिमीटर उतार दिला. पाण्याच्या नळीने लेव्हल काढण्याचे काम गवंड्यांनी जितक्या सावकाश केले, तितका धीर त्यांच्यात एरवी कधीच दिसला नाही, हेही सांगायला हवे. नंतर काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारले गेले. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांनी मोजतात, आणि त्या मुदतीआधी दगड चढवायला पर्यवेक्षकांनी साफ नकार दिला. वेळापत्रक पहिल्यांदा सरकले ते येथे, आणि हा उशीर पूर्णपणे योग्य होता.

ओट्याचा सांगाडा विटांचा, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा की जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चौकटीवर सिमेंट बोर्ड लावून करायचा, हे पर्याय त्यांनी समोर ठेवले. लाकडी चौकट त्यांनी चर्चेतच घेतली नाही, कारण ग्रिलभोवती लाकूड असेल तर उष्णता रोखणारे वेगळे आवरण बसवावे लागते. आम्ही ठोकळ्यांचा पर्याय निवडला. सिमेंट बोर्डाबद्दल त्यांनी एक चांगला इशारा दिला होता, तो येथे नोंदवतो: तो पाण्याने कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही, त्यामुळे त्यावर जलरोधक थर नसेल तर ओल आत झिरपत राहते.

गॅसच्या कामाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण बाहेरच्या ओट्यात खरा धोका येथे असतो आणि ग्राहकाला तो दिसत नाही. मोकळ्या हवेत गॅस गळला तर तो उडून जाईल, असे सगळ्यांनाच वाटते. पण सिलिंडर ज्या कपाटात ठेवायचा ते कपाट मोकळी हवा नसते. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो, त्यामुळे गळलेला गॅस तळाशी साचतो आणि वरच्या बाजूला ठेवलेली छिद्रे त्याच्या कामी येत नाहीत. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने तेथे छिद्रे वरच्या बाजूलाही असावी लागतात. कंत्राटदारांनी आमच्या सिलिंडरच्या कपाटाला समोरासमोरच्या दोन भिंतींत अगदी तळाजवळ झडपा, म्हणजे हवा खेळण्यासाठी जाळी लावलेली उघडी भोके, ठेवल्या आणि कपाटाचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच घेतला, म्हणजे साचलेला गॅस बाहेर वाहू शकेल. हे कपाट आणि ग्रिलखालची पोकळी यांच्यामध्ये पूर्ण भिंत आहे. रबरी नळी जेथे त्या भिंतीतून जाते तेथे कड घासू नये म्हणून धातूची गोल कडी बसवली आहे, आणि गॅस बंद करण्याचा कॉक ग्रिलवरून हात न नेता पोहोचता येईल अशा ठिकाणी आहे. सिलिंडर उभाच राहील अशी बैठकही केली आहे. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, म्हणून हा तपशील महत्त्वाचा आहे.

एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे. बाहेरून दगडी पट्ट्या लावणाऱ्या कारागिराने यांपैकी एक झडप मसाल्याने बुजवून वरून सलग पट्टी बसवली. रंगसंगतीत ती जाळी खटकत होती, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या हे लक्षात येण्याआधीच पर्यवेक्षकांनी ते पाहिले, लावलेल्या पट्ट्या काढायला लावल्या आणि झडप पुन्हा उघडी केली. तेथे दगडाची कड आजही थोडी ओबडधोबड दिसते, आणि ती तशी दिसते याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर परवानाधारक गॅस फिटरने प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून तपासणी आमच्यासमोर केली आणि बुडबुडे येतात का हे आम्हालाही वाकून पाहायला लावले. ग्रिल मुळात नैसर्गिक वायूसाठीची होती, त्यामुळे तिचे जेटही, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, बदलावे लागले. नैसर्गिक वायूच्या जेटचे छिद्र मोठे असते. तेच ठेवून सिलिंडरचा गॅस जोडला तर ज्योत धोकादायक रीतीने मोठी आणि धुरकट होते. हे काम कोणी करायचे, विक्रेत्याने की फिटरने, यावर जी ढकलाढकली होऊ शकली असती, ती कंत्राटदारांनी विक्रेत्याशी आधीच बोलून टाळली होती.

विजेचे काम नीट झाले आहे. घराच्या पॅनेलपासून स्वतंत्र सर्किट आणले असून त्यावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच आहे, केबल जमिनीखाली नळीतून आली आहे आणि अर्थिंग मोजून दाखवले. सॉकेट आयपी ६५ दर्जाचे आहेत. यातला पहिला अंक धूळ पूर्ण अडते आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण मिळते असे सांगतो. हा दर्जा झाकण बंद असतानाच खरा असतो, ही गोष्ट वायरमनने आवर्जून सांगितली. एक रिकामी नळी भविष्यासाठी टाकून ठेवण्याची त्यांची कल्पना उत्तम होती. पुढे बिलात ती ज्या रीतीने आली तो भाग वेगळा, त्याकडे येईनच. दिव्यांविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही; ते आहेत आणि लागतात.

सिंकचे सांडपाणी पावसाच्या गटारात सोडून द्यावे, असा सोपा मार्ग दुसऱ्या एका इच्छुक कंत्राटदाराने सुचवला होता. तेलकट पाणी तेथे सोडणे गैर आहे, आणि बहुतेक ठिकाणी नियमबाह्यही. आमच्या कंत्राटदारांनी तेल अडवणारी पेटी बसवून नळी घराच्या सांडपाण्याच्या वाहिनीला जोडली, आणि ती पेटी झाकण उघडून साफ करता येईल अशा जागी ठेवली. सिंकखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतले, पाणी वापर नसताना सुकते आणि मग गटाराचा वास वर येतो, म्हणून अधूनमधून पाणी सोडत राहावे, ही सूचनाही त्यांनी दिली. ओट्याला येणाऱ्या पाण्याच्या नळीवर घराच्या आत स्वतंत्र कॉक आहे आणि सर्वांत खालच्या बिंदूवर नळी रिकामी करण्याची सोय आहे. जेथे हिवाळ्यात पाणी गोठते तेथे या सोयीवाचून नळी फुटल्याशिवाय राहात नाही. इतरत्रही गळती झाल्यास ती उपयोगी पडते.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की काम निर्दोष झाले. पण त्यानंतर वरचा दगड आला. क्वार्ट्झच्या कृत्रिम फरशीचा मोह आम्हाला होता. तिच्यातली राळ उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते आणि अनेक उत्पादक बाहेरच्या वापरासाठी हमीच देत नाहीत, असे सांगून त्यांनी आम्हाला ग्रॅनाइटकडे वळवले. संगमरवर आंबट पदार्थांनी खराब होतो म्हणून तोही बाद झाला. फिकट रंग घ्या, काळा दगड उन्हात इतका तापतो की हात ठेववत नाही, हा सल्लाही खरा ठरला. निवड उत्तम झाली, पण बसवणूक सुमार. एलच्या कोपऱ्यातला सांधा सरळ नाही आणि दोन्ही दगडांच्या पातळीत नखाला लागेल एवढा फरक आहे. सिंकच्या कडेला भरलेले सिलिकॉन एका बाजूने जाड तर दुसऱ्या बाजूने जवळजवळ नाहीसे आहे. पुढच्या कडेखाली पाणी गळून खाली पडावे म्हणून मारायची खाच अर्ध्या लांबीतच मारली गेली. उरलेल्या भागात पावसाचे पाणी दगडाखालून मागे सरकते आणि कपाटांच्या दारांवर ओघळते. ज्यांनी जमिनीखालच्या नळीचा उतार दोनदा मोजला, त्यांनी ही खाच निम्म्यात का सोडली, याचे उत्तर आम्हाला मिळालेले नाही. दगडाचे काम त्यांनी पोटकंत्राटदाराकडे दिले होते आणि त्या दिवसांत पर्यवेक्षक दुसऱ्या बांधकामावर होते, एवढेच समजले. करारात पोटकंत्राटदाराच्या कामाच्या वेळी पर्यवेक्षक हजर असावेत असे कलम घालता येते. दगडासारखे परत न फिरणारे काम असेल तर ते घालावेच.

छपराच्या खांबाचीही अशीच कथा आहे. आराखड्यात खांब होता आणि कपाटही होते, पण कपाटाचे दार उघडताना किती फिरते हे कोणी आखले नव्हते. दार खांबाला अडू लागले. कंत्राटदारांनी स्वखर्चाने बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावून दिल्या, हे खरे. पण जुन्या भोकांवर बसवलेल्या टोप्या दिसतात आणि त्या ओळीतले एकच हँडल उलट्या बाजूला आहे. आराखडा तपासताना प्रत्येक दार आणि खण पूर्ण उघडलेल्या स्थितीत कागदावर काढून मागावा.

वेळापत्रक आणि हिशेब हे त्यांचे सर्वांत दुबळे अंग आहे. काँक्रीटसाठी थांबणे समजण्याजोगे होते. त्यानंतरचे खंड मात्र केवळ माणसे दुसरीकडे गेल्यामुळे पडले, आणि ते पडणार आहेत हे कोणी आधी कळवले नाही. फोन केला की उत्तर नेहमी सौजन्याने मिळे, आणि दिलेला दिवस तितक्याच सौजन्याने उलटून जाई. वाढीव काम लेखी मान्यतेशिवाय करू नये असे कलम करारात होते. तरीही मघाची रिकामी नळी, एक जादा सॉकेट आणि पेटीचे मोठे झाकण या गोष्टी जागेवरच्या तोंडी बोलण्यातून झाल्या आणि थेट अंतिम बिलात उगवल्या. त्यांपैकी एकही गोष्ट अनावश्यक नव्हती आणि दरही अवाजवी नव्हते. पण उपयुक्त काम आणि मंजूर केलेले काम यांत फरक असतो, आणि तो त्यांच्या लेखी फारसा नाही. करारावर बोट ठेवल्यावर त्यांनी फक्त साहित्याची किंमत घेऊन मजुरी सोडून दिली. वाद चिघळला नाही याचे श्रेय कलमाला जाते, तसेच त्यांच्या स्वभावालाही.

जागेवरची शिस्तही एकसारखी नव्हती. दगडावरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी मजूर तीव्र आम्ल वापरतात, आणि त्याच्या वाफेनेही स्टेनलेस स्टील काळवंडते. हे माहीत असल्याने पर्यवेक्षकांनी दारे उतरवून आत नेऊन ठेवली होती. पण त्याच आठवड्यात फॅब्रिकेटरने छपराचे साधे लोखंड ग्रिलशेजारी ग्राइंडरने कापले आणि उडालेले कण ग्रिलच्या पुढच्या पट्टीवर बसले. पहिल्या पावसानंतर तेथे तपकिरी ठिपके उमटले. स्टील निकृष्ट निघाले असा आमचा आधी समज झाला. वस्तुतः गंजले होते ते वर चिकटलेले लोखंडाचे कण. असे ठिपके दिसले तर तारेची घासणी किंवा क्लोरीनयुक्त द्रव वापरू नये, त्याने पत्र्याचेच नुकसान होते.

पुन्हा काम द्यायचे झाले तर पाया, नळ्या, वीज आणि गॅस यांसाठी आम्ही निःशंकपणे यांनाच बोलावू, आणि दगड व कपाटांचे काम वेगळ्या कारागिराला, वेगळ्या कराराने देऊ. ज्यांना एकाच माणसाकडून सगळे हवे आहे आणि ठरलेल्या तारखेला पाहुणे बोलावायचे आहेत, त्यांनी दुसरा शोधावा.

दोषनिवारणाच्या वर्षात ते एकदा बोलावल्यावर आणि एकदा स्वतःहून आले. स्वतःहून आलेल्या भेटीत त्यांनी गॅसच्या सांध्यांची तपासणी पुन्हा केली, झडपांमध्ये अडकलेला पालापाचोळा काढला, ग्रिलवरचे ठिपके सायट्रिक आम्लाच्या द्रावाने उतरवले आणि दगडावर पाण्याचा थेंब टाकून तो शोषला जातो का हे पाहून नवा सीलर लावला. खालची खाच पूर्ण करण्याचे आणि कोपऱ्यातला सांधा घासून एका पातळीत आणण्याचे त्यांनी लेखी कबूल केले आहे. ते काम अजून झालेले नाही, आणि राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांपैकी तेवढ्या कामाची रक्कम आम्ही अद्याप दिलेली नाही.